दोन रेघांमधलं पाणी

लॅम्बटन साहेबानं १८०२ साली मद्रासजवळ साखळीनं पायाची रेघ मोजली. तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत देशाची मोजणी झाली, म्हणून सर्वेक्षण खात्याचे नकाशे भरवशाचे. दिसायलाही देखणे. पाणी निळं, कोरडा ओढा काळा, झाडी हिरवी, शेतं पिवळी, उंचीच्या रेघा तपकिरी. एका रंगाला एकच काम. माझ्यासारख्या दहावी शिकलेल्यालाही वाचता येतं. रेघा दाटल्या की चढ उभा, पांगल्या की रान सपाट.

आमच्या माधवनगर-सांगलीकडं रान सपाटच. नेहमीच्या नकाशात दोन रेघांमधी वीस मीटर, म्हंजे पासष्ट फुटांचा फरक. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं. वरच्या बारा फुटांनी संसार बुडवले, अन् ते बारा फूट दोन रेघांच्या मधल्या कोऱ्या जागेत सहज मावतात. जनावरं कुठल्या वाटेनं हलवायची, ते त्यावरनं कळत नाही.

नकाशा खरा आहे, पण त्याचं माप डोंगराचं. नदीकाठच्या गावाला फूट-दोन फुटांच्या रेघांचा नकाशा पाहिजे, आन् तो चावडीच्या भिंतीवर पाहिजे.