शेजारची रिकामी जागा

१९७० च्या दशकातील ब्रिटनमध्ये फिकट निळ्या रंगाचे एक तीनचाकी वाहन रस्त्यांवर सर्रास दिसे. फायबरग्लासचे अंग, पुढे एक चाक, मागे दोन, आणि आत बसायला एकच आसन. नाव इनव्हाकार. ते दुकानात विकत मिळत नसे. सरकार ते अपंग नागरिकाला वापरण्यापुरते देई, दुरुस्ती सरकारच करी, आणि मालकीही शेवटपर्यंत सरकारचीच राही. तो निळा रंग इतका सरकारी होता, की गाडी लांबून दिसली तरी आत कोण बसले असेल हे कोणाला सांगावे लागत नसे. अशा वाहनांचा इतिहास बहुधा इंजिनांचा आणि कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आम्हांला मात्र त्या गाडीत नसलेल्या दुसऱ्या आसनाविषयी लिहावेसे वाटते, कारण पुढच्या पन्नास वर्षांचा सारा वाद त्या आसनाभोवतीच फिरला आहे.

सुरुवात जिव्हाळ्यातून झाली. बर्ट ग्रीव्ह्ज या कल्पक माणसाने आपला नात्यातला भाऊ डेरी प्रेस्टन-कॉब याच्या चाकांच्या खुर्चीला गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले. डेरीचे पाय अधू होते. दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्यांना असे काही हवेच होते, आणि दोघा भावांनी एसेक्स परगण्यात कारखाना काढला. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा युद्धात न गेलेल्या अपंगांनाही सरकारी वाहन मिळू लागले. येथे एक भेद मात्र राहिला. युद्धात अपंग झालेल्यांपैकी काहींना सरकारने साध्या चारचाकी मोटारी दिल्या. पोलिओने किंवा अपघाताने पाय गेलेल्याच्या वाट्याला तीनचाकीच आली.

पुढे या गाडीत सुधारणा झाल्या. शेवटच्या मॉडेल ७० या प्रकारात सुमारे ५०० सीसीचे ऑस्ट्रियन इंजिन होते आणि तिला चांगला वेगही होता. सुधारले नाही ते एवढेच, की आत दुसऱ्या माणसाला बसायला बंदी होती. चालकाच्या शेजारी जागा होती, पण ती घडी केलेल्या चाकांच्या खुर्चीसाठी. खुर्ची शेजारी बसू शकत होती, बायको नाही. दोघेही अपंग असलेल्या जोडप्याने दोन निळ्या गाड्यांतून एकामागून एक जायचे, असा त्याचा अर्थ. वाटेत गाडी बंद पडली, तर ज्याला चालता येत नाही त्याने एकट्याने मदतीची वाट पाहायची. जोराच्या आडव्या वाऱ्यात ती डगमगते, पेट घेते, अशा तक्रारीही वाढत गेल्या. आणि मुळात ही गाडी ज्याला स्वतः चालवता येईल त्यालाच मिळे. ज्याचे हातही चालत नाहीत तो, लहान मूल, झटके येणारा माणूस, यांना काहीच नाही. अपंगत्व जितके अधिक तितकी मदत कमी, असा हा उलटा न्याय होता.

त्याविरुद्धची हाक रस्त्यावरून आली. १९६५ मध्ये मेगन द्यू ब्वासों आणि बेरिट मूर या दोन अपंग स्त्रियांनी डिसेबलमेंट इन्कम ग्रुप ही संस्था काढली. त्यांची मागणी वस्तूची नव्हती, उत्पन्नाची होती. १९७० मध्ये आल्फ्रेड मॉरिस या खासदाराने दीर्घकाळ आजारी व अपंग व्यक्तींसाठीचा कायदा खासगी विधेयक म्हणून मांडून मंजूर करून घेतला. मॉरिस यांचे वडील पहिल्या महायुद्धातील विषारी वायूने अपंग झाले होते. हा प्रश्न त्यांनी घरात पाहिला होता. १९७४ मध्ये ते अपंगांच्या प्रश्नांसाठीचे मंत्री झाले. अशा पदावरचे जगातले पहिले मंत्री तेच.

त्याच वर्षी लेडी शार्प यांचा अहवाल आला. एव्हलिन शार्प या ब्रिटिश मंत्रालयातील पहिल्या महिला स्थायी सचिव, आणि त्यांचे लेखन तसेच रोखठोक. तीनचाकी बंद करा, मोटारी द्या, असे त्यांनी सुचवले. पण त्या मोजक्याच लोकांना, म्हणजे नोकरी, शिक्षण किंवा घर सांभाळण्यासाठी ज्यांना गाडीवाचून चालणार नाही अशांना. थोड्यांना पूर्ण गाडी की सर्वांना थोडे पैसे, हा पेच येथे उभा राहिला. सरकारने दुसरा मार्ग धरला. १९७६ पासून मोबिलिटी अलाउन्स सुरू झाला, आठवड्याला ५ पौंड. गाडी चालवता येते की नाही हा प्रश्नच त्यात नव्हता. पाच वर्षांच्या मुलालाही तो मिळू शकत होता आणि त्याची आई गाडी चालवू शकत होती. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट, आणि तिचा गाजावाजा सर्वांत कमी झाला.

पण ५ पौंडांत मोटार येत नाही. जुलै १९७६ मध्ये तीनचाकी हळूहळू बंद करण्याची घोषणा झाली, तेव्हा सुमारे २१ हजार निळ्या गाड्या रस्त्यावर होत्या आणि लोकांच्या पायाखालची जमीन सरकली. यातून वाट काढली ती लॉर्ड गुडमन हे वकील आणि जेफ्री स्टर्लिंग हे उद्योजक यांनी. १९७७ मध्ये मोटॅबिलिटी ही संस्था स्थापन झाली. युक्ती साधी होती. भत्ता घेणाऱ्याने तो सरकारकडून परस्पर संस्थेला द्यायचा. बँकांनी भांडवल पुरवायचे. आणि नवी मोटार साधारण तीन वर्षांच्या करारावर भाड्याने घ्यायची. विमा, दुरुस्ती, टायर यांचा खर्च पुढे या भाड्यातच आला. हप्ता बुडण्याची भीती नसल्याने बँका निर्धास्त. पुढे स्कूटर आणि विजेवर चालणाऱ्या खुर्च्याही याच रीतीने मिळू लागल्या. आज योजनेत आठ लाखांहून अधिक लोक आहेत.

या गाड्यांना वेगळा रंग नाही, आणि तिथेच नवा त्रास सुरू झाला. धडधाकट दिसणारा मुलगा गाडी चालवतो आहे, हे शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपते. तो मुलगा कोणाला घेऊन चालला आहे किंवा कोणासाठी औषध आणायला निघाला आहे, ते दिसत नाही. संस्थेच्या कारभारावर टीका व्हायला हवी होती आणि झालीही. २०१८ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी योजना चालवणाऱ्या कंपनीकडे २.६ अब्ज पौंडांची गंगाजळी साठल्याचे दाखवले. पण वृत्तपत्रांची गोडी गंगाजळीपेक्षा गाडीच्या नाममुद्रेत अधिक. २०२५ च्या नोव्हेंबरात महागड्या नाममुद्रांच्या मोटारी यादीतून काढल्या गेल्या.

खरा घाव मात्र २०१३ मध्ये बसला होता. जुना भत्ता जाऊन पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट आले. पूर्वी चालण्याच्या क्षमतेसाठी ५० मीटर ही ढोबळ खूण धरत; ती २० मीटरवर आली. जे २० मीटर चालून दाखवू शकले त्यांचा वरचा दर गेला, आणि दर गेला की गाडी गेली, कारण ती भाड्याची. २०१७ पर्यंत अशा परत गेलेल्या गाड्यांची संख्या ५० हजारांच्या आसपास पोचली होती. काहींनी अपील केले आणि ते जिंकलेही, पण तोवर हाताने चालवायची साधने बसवलेली गाडी परत द्यावी लागलेली असे.

निळ्या तीनचाकी मात्र ज्यांच्याकडे होत्या त्यांना त्या बरीच वर्षे वापरू दिल्या. ३१ मार्च २००३ रोजी शेवटच्या सरकारी गाड्या रस्त्यावरून उचलल्या गेल्या आणि बहुतेक भंगारात काढल्या. थोड्या संग्रहालयांत आहेत. चालकाच्या आसनाशेजारची खुर्चीची ती जागा तिथे अजून पाहता येते.