रुळाच्या तड्याची कुळकथा

डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा पडला, की डोंबिवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यांच्या मनात पाल चुकचुकते: आज कुठे रूळ तर तडकला नाही ना? 'रेल फ्रॅक्चर' हा शब्द इथल्या नोकरदाराला कुणी शिकवावा लागत नाही. त्या तड्याचं कूळ मात्र थेट ठाण्याच्या पहिल्या गाडीच्या काळात पोहोचतं.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली, 1 मे 1854 ला कल्याणपर्यंत रूळ पोहोचले. त्या काळी रुळांचे तुकडे टोकाला टोक लावून अंथरत आणि मध्ये फट सोडत, कारण लोखंड उन्हात वाढतं. 13 मीटरचा रूळ 40 अंशांनी तापला तर सुमारे 6 मिलिमीटर लांबतो. दोन टोकांना बाजूंनी पट्ट्या लावून बोल्टांनी आवळायची युक्ती विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स या इंग्रजाची, 1847 ची. तीच फिशप्लेट. पण फट राहिलीच, आणि प्रत्येक चाक तिच्यावर आदळून टोकं ठेचत राहिलं.

फट बुजवायचा मार्ग जर्मनीतून आला. हान्स गोल्डश्मिटने 1895 मध्ये थर्मिट प्रक्रियेचं पेटंट घेतलं. अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड पेटवला की वितळलेलं पोलाद साच्यात उतरतं आणि दोन रूळ एकजीव होतात. 1899 मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ असे जोडले गेले. आपल्याकडे यालाच 'एटी वेल्डिंग' म्हणतात.

खडखड थांबली. आकसण्याची ओढ मात्र पोलादाच्या पोटात जाऊन बसली. मीटरला 60 किलो वजनाचा रूळ दोन्हीकडून जखडलेला असला, तर पारा एक अंश उतरला की त्यात पावणेदोन टनांहून थोडा जास्त ताण चढतो. रूळ 40 अंशांना बांधला आणि पहाटे तो 15 अंशांवर आला, तर पंचेचाळीस टनांच्या घरात ओढ. चांगला रूळ ती सहज पेलतो. जिथे आधीच बारीक भेग आहे, तिथे घात होतो.

ही भेग येते कुठून? 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आगगाडीचा आस तुटून भीषण अपघात झाला, आणि 'थकलेल्या' धातूचा अभ्यास सुरू झाला. पुढे ऑगस्ट व्होलरने प्रशियाच्या रेल्वेसाठी आसांवर पुनःपुन्हा भार देऊन पाहिलं. एका झटक्याच्या भाराने मुळीच न तुटणारं पोलाद त्याहून कमी भाराच्या लाखो फेऱ्यांनी तुटतं. बारा डब्यांच्या लोकलला 48 आस असतात. एक गाडी गेली की रुळाच्या प्रत्येक बिंदूने 48 वेळा मार खाल्ला, आणि ठाणे-कल्याण पट्ट्यात पुढची गाडी मागोमाग येतेच. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1920 च्या सुमारास काचेवर दाखवलं, की तुटणं ठरतं ते भेगेच्या लांबीवर. एका मर्यादेपर्यंत ती सावकाश सरकते, मर्यादा ओलांडली की क्षणात धावते.

तुटलेला तुकडा हातात घेतला तर ही सगळी गोष्ट त्यावर वाचता येते. जुन्या भेगेचा नखासारखा भाग काळपट, गंजलेला. त्याच दिवशी तुटलेला भाग लखलखीत, दाणेदार. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत रुळाच्या पायाला गंजाचे खड्डे पडतात, तेही भेगेचं बीज ठरू शकतात. तडा सापडला की गँगमन फुगीर 'जॉगल्ड' फिशप्लेट लावून क्लॅम्प आवळतात आणि गाडी अगदी हळू सोडतात. हजारो लोकांचा दिवस त्या चार-सहा माणसांच्या हातांवर चालू राहतो, आणि त्यांची दखल फार थोडी घेतली जाते असं मला वाटतं.

रूळ तुटण्याआधीच भेग हेरायला अल्ट्रासोनिक तपासणी असते; तिच्यात ध्वनिलहरी आतल्या भेगेवरून परततात. तरी पायाच्या कडेची भेग त्यांच्या टप्प्यातून सुटू शकते. भेगेचं बीज ठरू शकणाऱ्या, रुळाच्या डोक्यावरच्या एका पातळ, कडक, ठिसूळ थरावरही आता संशोधकांचं लक्ष आहे. चाक घसरून क्षणभर उसळणाऱ्या उष्णतेने तो बनतो, की नुसत्या दाबाखाली मळलं गेल्याने, की दोन्हींनी, यावर वाद चालू आहे. कारण कळलं तर पोलादाचं मिश्रण बदलायचं की रूळ घासण्याचं वेळापत्रक, हे ठरवणं सोपं जाईल.