सारख्या वॅटांचा भ्रम

परळी तालुक्यातलं सिरसाळा असो की मराठवाड्यातलं दुसरं कुठलं बाजाराचं गाव, घरी पेट्या ठोकून साउंड उभा करणाऱ्याला सल्ला ठरलेला: बेस आणि हॉर्न, दोन्हींना सारख्या वॅटचं मशीन लाव, नॉब सारखे ठेव, तोल आपोआप साधतो. यात तथ्य नाहीच असं नाही. ऐन वरातीत एक मशीन बसलं तर दुसरं त्याच्या जागी चालतं. पण ही सोय झाली, तोल नव्हे.

तोल ठरतो ड्रायव्हरच्या सेन्सिटिव्हिटीवर. 1 वॅटला 1 मीटरवर बेस 97 डेसिबल देत असेल आणि हॉर्न 107, तर फरक 10 डेसिबलचा, म्हणजे वॅटच्या हिशेबात दहापट. बेस 400 वॅट खातो तिथे हॉर्नचं 40 वॅटांत भागतं. नॉब सारखे ठेवले की हॉर्न कान किटवतो. मग बेस वाढवायचा, त्याचं मशीन क्लिप होतं आणि बोल लागतो पेटीला.

दुसरा समज असा की मोठं मशीन हॉर्न जाळतं, छोटं वाचवतं. दोन्ही ड्रायव्हर एकाच छोट्या मशीनवर असतील आणि ते ताणलं, तर बेसचे शेंडे छाटले जातात. बेस वाढायचा थांबतो, वरचे सूर मात्र नॉबबरोबर चढतच राहतात, वर छाटणीतून निघालेली कर्कश भर. डायफ्राम जातो तो इथे. बेस आणि वरचे सूर मशीनआधीच वेगळे करणाऱ्या ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरपुढे दोन वेगळी मशिनं असली, तर बेसच्या मशीनचं क्लिपिंग हॉर्नपर्यंत पोचतच नाही. पण तेवढ्यावरून मोठं मशीन निर्धोक ठरत नाही. लिमिटर नसेल तर माइकची एक लांबलेली शिट्टी पुरते. नॉब खाली असला तरी इनपुट जोरात आलं की मशीन पुरे वॅट ओततं.

मग करायचं काय? ड्रायव्हर दोन्ही 8 ओहमचे धरू. स्पीकर सोडवा, क्रॉसओव्हर बाजूला ठेवा, दोन्ही मशिनांना 50 हर्ट्झचा एकच सूर द्या. (स्वस्त मल्टिमीटर याच टापूत भरवशाचा, दोन-तीन हजार हर्ट्झला त्याचा आकडा मानू नये.) बेसच्या मशीनवर 10 व्होल्ट दिसले, तर हॉर्नचा नॉब साधारण 3.2 व्होल्टांपर्यंत उतरवा; वॅट व्होल्टांच्या वर्गाने बदलतात, म्हणून एवढ्यात वॅट दहापट उतरतात. मग क्रॉसओव्हर आणि स्पीकर परत जोडा. उरलेली एक-दोन डेसिबलची फिरवाफिरव कानाने, तीही उघड्यावर. खोलीच्या भिंती बेस फुगवतात, मैदानात तो हवा निघाल्यासारखा बसतो. जमलं की नॉबवर चिकटपट्टी लावा. वरातीत कुणीतरी हात घालतोच.