पॅरिस : वरून आणि खालून

डिसेंबर 1774 मध्ये पॅरिसच्या दक्षिणेकडचा एक रस्ता अचानक खचला. कारण जुनंच होतं. शहराची घरं आणि चर्चं ज्या चुनखडीच्या दगडात उभी राहिली, तो दगड याच जमिनीखालून काढलेला होता, आणि पुढे वस्ती त्या पोकळ खाणींच्या डोक्यावर पसरली. 1777 मध्ये खाणींवर देखरेखीसाठी खास खातं निघालं. त्याच्या माणसांनी भुयारांना आधार दिला, नकाशे काढले आणि भिंतींवर वरच्या रस्त्यांची नावं कोरली.

याच खाणींत 1786 पासून शहरातल्या ओसंडून गेलेल्या दफनभूमींमधली हाडं हलवली गेली. काळं कापड घातलेल्या गाड्या रात्री निघत, सोबत पाद्री प्रार्थना म्हणत चालत. अंदाजे साठ लाख माणसांचे अवशेष तिथे आहेत. 1809 मध्ये हे अस्थिभांडार लोकांना पाहायला खुलं झालं. हातात मेणबत्ती घेऊन पाहुणे उतरत. वाट चुकू नये म्हणून छतावर काळी रेघ ओढलेली होती.

पण खाली न उतरलेल्यांना हे जग दाखवलं ते नादार या छायाचित्रकाराने. खाली जाण्याआधी तो वर गेला होता: 1858 मध्ये त्याने पॅरिसजवळ बलूनमधून जमिनीचा फोटो घेतला. रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो काढून धुवावा लागे, म्हणून त्याने टोपलीतच अंधारखोली थाटली. बलूनमधून सुटणाऱ्या गॅसने काचा खराब होत. बलूनचं तोंड बंद ठेवल्यावर कुठे चित्र उमटलं.

तीनेक वर्षांनी तो विजेचे दिवे घेऊन भुयारात शिरला. एकेका फोटोला अठरा मिनिटांपर्यंत लागत. इतका वेळ कोण निश्चल उभं राहणार? त्याने कामगारांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले.

मग गटारांची पाळी आली. बेलग्रां या अभियंत्याने बांधलेल्या प्रशस्त बोगद्यांतून पिण्याच्या पाण्याचे नळही जात. 1867 च्या जागतिक प्रदर्शनापासून त्यांची सफर सुरू झाली आणि पाहुणे तिथे डब्यांत आणि होड्यांत बसून फिरू लागले. ज्या कामाकडे शहर नाक मुरडत असे, तेच शहराने अभिमानाने पाहुण्यांपुढे मांडलं.

उंचीचं आकर्षणही वाढतच होतं. 1878 च्या प्रदर्शनाच्या वेळी जिफार या अभियंत्याचा दोराने बांधलेला प्रचंड बलून एका वेळी चाळीसेक माणसांना सुमारे 500 मीटर उंच नेई. 1889 मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला, तेव्हा लिफ्ट सुरू होण्याचीही वाट न पाहता हजारो लोक जिन्याने चढले.

गटारातली होडीची सफर 1970 च्या दशकात थांबली. आता तिथे संग्रहालय आहे आणि पाहुणे बोगद्यांतून पायी फिरतात. आंद्रे सित्रोएन बागेत 1999 पासून पुन्हा दोरबंद बलून लोकांना घेऊन वर जातो.