लोखंडी नांगर आणि गिऱ्हाईक

केशोरीसारख्या धानाच्या गावात डिझाइन थिंकिंगबद्दल बोलायचं, तर आम्ही नांगरापासूनच सुरुवात करू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये बेळगावला लोखंडी नांगर घडवला. दोन वर्षं तो खपलाच नाही. लोखंडानं जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांची समजूत. तिला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. पीक बुडालं तर उपाशी कोण राहणार? नांगर विकणारा नव्हे! असली शंका व्याख्यानानं (आमच्यासुद्धा) फिटत नसते. शेजारच्या शेतात नांगर चाललेला दिसावा लागतो. गिऱ्हाईक काय गमावू शकतं, हे आधी समजून घेणं, यालाच आज ते इंग्रजी नाव मिळालंय. पुढे 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघालं. नांगराच्या कारखान्यानं काढलेलं मासिक, गिऱ्हाइकांशी बोलत राहण्यासाठी.