चला लंकेला, पण कशासाठी?



विहाराच्या वर्धापन दिनाच्या बैठकीत यंदा एक वेगळाच विषय निघाला. उपासिका मंडळाच्या भगिनींनी महिन्याला थोडे थोडे करून पैसे साठवले आहेत, पोरंही आता कमावती झालीत, तेव्हा एकदा सगळ्यांनी मिळून परदेशी फिरून येऊ. कुणी सिंगापूर म्हणालं, कुणी बँकॉक. शेवटी श्रीलंकेवर एकमत झालं. जवळचा देश, चारी बाजूंना समुद्र, नारळी-पोफळी, बारा महिने हिरवागार. तेवढ्यात एका मुलीने मला विचारलं, "काका, समुद्र सोडला तर तिथं बघायचं काय?" माझा जन्म गिरणीत पाळ्या करण्यात गेला, शाळा अर्ध्यावर सुटली, पण वाचन सोडलं नाही. तरीही त्या पोरीला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

लंका म्हटलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना रावण आठवतो. आपल्याला महेंद्र आणि संघमित्रा आठवले पाहिजेत. 'महावंस' हा लंकेचा पाली इतिहासग्रंथ. त्यात लिहिलं आहे की सम्राट अशोकाच्या काळी तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी ठिकठिकाणी धम्मप्रचारक पाठवले. त्या यादीत महेंद्र स्थविर लंकेला गेले, आणि महाधम्मरक्षित स्थविर कुठे गेले? महारट्ठाला, म्हणजे आपल्याकडे! लंका आणि महाराष्ट्र ही धम्माच्या नात्याने भावंडं आहेत. फरक इतकाच की आपल्या घरातला दिवा विझला, लेणी तेवढी राहिली. त्यांनी तो वारा-वादळातही विझू दिला नाही. ही सहल म्हणजे भावंडाच्या घरी जाणं आहे.

आता बेत कसा आखावा ते सांगतो. कोलंबोला उतरल्यावर लगेच समुद्रावर धावू नये. आधी उत्तरेला सुमारे २०० किलोमीटरवर अनुराधपूर गाठावं. तिथून जवळच मिहिंतले हा डोंगर आहे. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात, ज्येष्ठ पौर्णिमेच्या दिवशी, शिकारीला निघालेल्या देवानंपिय तिस्स राजाची आणि महेंद्र स्थविरांची भेट इथेच झाली. स्थविरांनी राजाला आधी उपदेश केला नाही, प्रश्न विचारले. समोरच्या आंब्याच्या झाडावरून साधेच प्रश्न. राजाला विचार करता येतो की नाही हे आधी पाहिलं, मग धम्म सांगितला. डोंगराच्या १८४० पायऱ्या चढताना पोरांना ही गोष्ट जरूर सांगा. आपला धम्म 'मान डोलाव' म्हणत नाही, 'विचार कर' म्हणतो.

अनुराधपुरात जय श्री महाबोधी आहे. बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी संघमित्रेने तिथे नेली. राणी अनुला आणि तिच्या सोबतच्या स्त्रियांना दीक्षा देऊन तिने भिक्षुणी संघ उभा केला. लंकेच्या भिक्षुणी पाचव्या शतकात थेट चीनपर्यंत गेल्या आणि तिथल्या स्त्रियांना उपसंपदा मिळाली. पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास स्वाऱ्यांच्या धामधुमीत लंकेतला भिक्षुणी संघ बुडाला, तो सुमारे नऊशे वर्षे. शेवटी १९९६ साली लंकेच्या काही स्त्रियांनी आपल्या सारनाथला येऊन उपसंपदा घेतली आणि १९९८ पासून दंबुल्ल इथे ती पुन्हा सुरू झाली. जे संघमित्रेने इथून नेलं, ते घ्यायला तिच्या लेकी पुन्हा इथेच आल्या! यासाठी त्यांना आपल्याच देशातल्या कर्मठांशी झगडावं लागलं. उपासिका मंडळाने हा मुक्काम चुकवू नये.

अनुराधपुराहून कँडीकडे येताना वाटेत दंबुल्लची लेणी लागतात. थोडी वाकडी वाट केली तर सिगिरियाच्या खडकावरची चित्रंही पाहता येतात. ती पाहताना अजिंठ्याची आठवण येईल. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं ठिकाण त्याच्या पुढे आहे, मातलेजवळचं अलुविहार. गाडीवाले इथे थांबायला कुरकुरतात. तुम्ही थांबाच. इ.स.पूर्व पहिल्या शतकात वट्टगामणी अभय राजाच्या काळी लंकेत स्वाऱ्या आणि भीषण दुष्काळ पडला. तोवर त्रिपिटक लिहिलेलं नव्हतं, भिक्षूंच्या मुखोद्गत होतं. भिक्षू उपाशी मरू लागले. एक एक भिक्षू गेला की बुद्धवचनाचा एक एक भाग जाणार! तेव्हा वाचलेल्या भिक्षूंनी एकत्र बसून सगळं त्रिपिटक ताडपत्रावर लिहून काढलं. आज आपण विहारात म्हणतो ती वंदना, वाचतो ते धम्मपद, हे त्या उपाशी माणसांचं आपल्यावरचं ऋण आहे. अशोकाचं नावही असंच परत मिळालं. शिलालेखांत नुसता 'पियदसि' राजा होता. तो अशोकच, हे १८३७ साली लंकेच्या पाली ग्रंथांवरून जॉर्ज टर्नर यांनी दाखवून दिलं.

आपल्या विहारावरचा पंचशील ध्वजसुद्धा तिकडचाच. १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला तो कोलंबोत पहिल्यांदा फडकला. अनागारिक धम्मपाल मूळचे कोलंबोचे. १८९१ साली ते बुद्धगयेला आले, तिथली दुरवस्था पाहून त्यांनी त्याच वर्षी महाबोधी सोसायटी काढली आणि हयात तिच्यात घातली.

इथपर्यंत ऋणाची गोष्ट झाली. पण इतिहास म्हणजे आरती नव्हे, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कँडीला दंतधातूचं प्रसिद्ध विहार आहे. त्याची राखण करणारा मोठा निकाय म्हणजे सियाम निकाय. लंकेत उपसंपदेची परंपरा तुटली होती, ती १७५३ साली सयामच्या उपाली स्थविरांना बोलावून पुन्हा सुरू केली. पुढे काही वर्षांतच नियम झाला की या निकायात फक्त गोविगम, म्हणजे वरच्या समजल्या जाणाऱ्या शेतकरी जातीच्याच माणसाला भिक्षू होता येईल. ज्या संघात उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली, त्या संघात जात! मग ज्यांना दार बंद झालं ते दालचिनी सोलणाऱ्या जातीचे लोक ब्रह्मदेशात गेले, तिथून उपसंपदा घेऊन १८०३ साली त्यांनी अमरपुर निकाय काढला. ते रडत बसले नाहीत, ही गोष्ट आपल्याला कळण्यासारखी आहे.

कँडीहून आगगाडी चहाच्या मळ्यांतून वर नुवारा एलियाकडे जाते. खिडकीतून फोटो काढाल, जरूर काढा. पण पाठीला टोपली बांधलेल्या त्या बायका कोण, हेही विचारा. इंग्रजांनी तमिळ मुलखातून नेलेल्या मजुरांच्या त्या नाती-पणती, त्यांत पुष्कळ दलित. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या लाखोंचं नागरिकत्वच गेलं. त्यांच्या ओळीने बांधलेल्या खोल्यांना 'लाईन' म्हणतात. गिरणीच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ती खोली ओळखू येईल. आणि १९८१ साली जाफन्याचं ग्रंथालय जाळलं, त्यात सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि हस्तलिखितं खाक झाली. ज्या बेटाने ताडपत्रावर बुद्धवचन वाचवलं, त्याच बेटावर ताडपत्रं जळाली. पुढे १९८३ ते २००९ यादवी युद्ध चाललं. दोन्ही बाजूंची माणसं मेली. अनुराधपुरात आणि दंतधातू विहारावरही हल्ले झाले. वैराने वैर शमत नाही, हे पाठ असूनही माणूस विसरतो.

म्हणून शेवटचा दिवस कोलंबोसाठी ठेवा. परमपूज्य बाबासाहेब मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी लंकेला गेले, ते नुसते सत्कार घ्यायला नव्हे. धम्म तिथे पोथीत आहे की लोकांच्या जगण्यात, हे त्यांना पाहायचं होतं. कोलंबोच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध होण्याचं आवाहन केलं, आणि बौद्धांना सांगितलं की या लोकांना आपलं म्हणा, वडिलांच्या मायेने सांभाळा. स्वतः दीक्षा घेण्याच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट. पाहुणा म्हणून गेलेला माणूस यजमानाला इतकं स्पष्ट बोलतो, तो धम्मावरच्या प्रेमापोटीच.

आपणही तसंच जावं. कृतज्ञतेने वाकावं आणि डोळे उघडे ठेवावेत. मात्र परत आल्यावर लंकेच्या निकायांना नावं ठेवण्याआधी आपल्या सोयरिकी आठवाव्यात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत आजही मुलगी देताना पोटजात विचारतात की नाही? हे मी पहिल्यांदा माझ्याच घराबद्दल लिहितो आहे.

थोडं व्यवहाराचं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने असावी, व्हिसाचे नियम निघण्याआधी विचारून घ्यावेत. विहारात पांढरे, खांदे-गुडघे झाकणारे कपडे घालावेत. चपला, टोपी बाहेर काढाव्यात. दुपारी दगड तापतात म्हणून मोजे न्यावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तिथे तो अपमान समजतात. दर पौर्णिमेला तिथे सुट्टी असते आणि दारूविक्री बंद असते. जूनमधल्या ज्येष्ठ पौर्णिमेला अनुराधपूर-मिहिंतलेत गर्दी फार, पण तेव्हा त्या भागात पाऊस कमी असतो, आणि महेंद्र स्थविरांचा दिवस तोच. बेत त्याच सुमारास धरावा, असं मला वाटतं.

आणि समुद्र? तो शेवटच्या संध्याकाळी पाहा. फांदी घेऊन संघमित्रा त्याच समुद्रावरून गेली होती, हे पोरांना तिथे उभं राहून सांगा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!