शक्तिशाली इंजिनासाठी व्हॉल्व्ह-यंत्रणेचे भाग कसे निवडावेत?

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. हालणाऱ्या भागांचे जडत्वबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे फेऱ्या ६००० वरून ७२०० वर नेल्यास वेग २० टक्के वाढतो, पण बल ४४ टक्क्यांनी वाढते. हे बल स्प्रिंगला पेलले नाही, तर व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून तरंगू लागतो. अशा वेळी तो पिस्टनवर आदळल्यास संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते.

स्प्रिंग : प्रथम कॅमशाफ्ट निश्चित करावा आणि त्याच्या उत्पादकाने दिलेल्या आकड्यांनुसार स्प्रिंग घ्यावी. व्हॉल्व्ह बंद असतानाचे व पूर्ण उघडा असतानाचे, असे दोन्ही बल पाहावेत. गरजेपेक्षा कडक स्प्रिंगमुळे कॅम व टॅपेट लवकर झिजतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. सर्व वेढे मिळून सुमारे दीड मिलिमीटर मोकळीक राहावी. क्रोम-सिलिकॉन पोलादाची तार या कामासाठी प्रचलित आहे. वर निमुळत्या होत जाणाऱ्या स्प्रिंगला लहान व हलका रिटेनर पुरतो, तसेच तिच्यातील कंपनेही कमी होतात.

व्हॉल्व्ह : एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सर्वाधिक उष्णता सोसावी लागते. त्यासाठी उष्णतारोधक स्टेनलेस स्टील किंवा इन्कोनेलसारखा निकेलचा मिश्रधातू वापरतात. काही व्हॉल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम असते. ते सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळते आणि माथ्याकडील उष्णता दांड्याकडे वाहून नेते. टायटॅनियम पोलादाहून सुमारे ४० टक्के हलके असते. मात्र ते महाग असून त्याला झीजरोधक लेप आणि अनुरूप सीट लागते. रोजच्या वापराच्या वाहनात हा खर्च सहसा सार्थकी लागत नाही.

पुशरॉड व रॉकर : पुशरॉडमध्ये वजनापेक्षा ताठपणा महत्त्वाचा, वाकणारा पुशरॉड कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत अचूक पोहोचवत नाही. रॉकरचे गुणोत्तर १.५ वरून १.६ केल्यास दहा मिलिमीटर उंचीच्या कॅमवर व्हॉल्व्हची उचल १५ वरून १६ मिलिमीटर होते. त्यामुळे स्प्रिंग व पिस्टनपासूनची मोकळीक पुन्हा तपासावी लागते.

स्प्रिंगची ही मर्यादा ओलांडण्यासाठी मर्सिडीज-बेंझने १९५४च्या डब्ल्यू-१९६ शर्यती मोटारीत व्हॉल्व्ह कॅमनेच मिटवण्याची योजना केली. पुढे डुकाटीने ती मोटारसायकलींत रुजवली. रेनॉने १९८६मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात पोलादी स्प्रिंगऐवजी दाबाखालील वायू वापरला.

सामान्य गॅरेजमध्ये मात्र स्प्रिंगला पर्याय नाही. म्हणून स्प्रिंग, रिटेनर व लॉक एकमेकांशी जुळणाऱ्या संचातच घ्यावेत, बसवण्यापूर्वी प्रत्येक स्प्रिंगचे बल मोजावे आणि पिस्टनवर मऊ माती ठेवून, इंजिन हाताने फिरवून, मोकळीक पाहावी.